हिरव्या ठिपक्याची कार्डं

पुण्याहून आलेल्या सोमेश्वरनं ते पिस्तुलासारखं मशीन चौथ्या कार्डावर टेकवलं, घोडा दाबून धरला, आणि पडद्यावरचा आकडा तांबडा झाला. तिथवर सगळं हिरवं येऊन राह्यलं होतं. मी मागंच उभी होते, रजिस्टर छातीशी धरून, आणि खरं सांगते, मला आकडा वाचायची गरजच पडली न्हाई. कार्डाच्या कोपऱ्यात हिरव्या मार्करचा ठिपका होता. आमच्याकडं प्रत्येक टेबलाचा रंग ठरलेला. हिरवा म्हणजे चौथं टेबल, आणि चौथं टेबल म्हणजे बेबीमावशी. हे साऱ्या कंपनीला ठाऊक. पण त्या हिरव्या ठिपक्याच्या कार्डात शिसं कुठून आलं हे साऱ्या कंपनीत एकाच बाईला ठाऊक होतं, आणि ती बाई रजिस्टर धरून उभी होती. सोमेश्वरनं पुन्हा टेकवलं, पुन्हा तांबडं. माझ्याकडं वळून तो म्हणला, मॅडम, लेड आहे ह्यात. मी म्हणले, असं कसं? इतकं सहज म्हणले की माझं मलाच नवल वाटलं. त्यानं अजून सहा कार्डं तपासली. त्यातली दोन तांबडी निघाली, आणि दोन्हीवर हिरवा ठिपका.

सकाळी ह्याच मशीनची आम्ही चेष्टा केल्ती. आम्ही अठरा बाया. चहूबाजूंनी लोखंडाच्या मिला आणि मधी आमचं हे पत्र्याचं शेड, ठिबक सिंचनाच्या टायमरची इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवणारं. जालन्याच्या एमआयडीसीत विचारलं तर निम्म्यांना ठाऊक नसंल. ह्या वर्षी पहिल्यांदा चारशे कार्डं इटलीला जायची होती. तिथला गिऱ्हाईक म्हणे मालात शिसं, पारा, कॅडमियम असलं काही घेत न्हाई, म्हणून माल निघायच्या आधी हा सोमेश्वर मशीन घेऊन आल्ता. बायांना कळलं की कशात काय धातू हाय ते ह्या मशीनला कळतं, मंग काय, चहाच्या सुट्टीत रांगच लागली. कुणी अंगठी पुढं केली, कुणी जोडवी. बेबीमावशीनं नाकातली चमकी काढून टेबलावर ठेवली. मशीन म्हणलं, पितळ. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. ती मात्र खळखळून हसली. म्हणली, माह्या मायनं सोनं म्हणून दिल्ती, चाळीस वर्सं म्या सोनं म्हणून घातली, आता ह्या पिस्तुलानं सांगितलं म्हणून काय नाक मोकळं ठिवू? आणि चमकी परत घातली. मीपण हसले. दोन तासांनी तेच मशीन माझ्यावर उलटणार हाय हे मला तवा कुठं माहीत होतं.

खोटं बोलते. माहीत होतं. चार दिवसांपासून, सोमेश्वर येणार म्हणल्यापासून, आत कुठंतरी कुरतडून राह्यलं होतं, आणि मी त्याला सारखं दाबून राह्यले होते. मी हिशेब केल्ता ना. माझा हिशेब बराबर होता असं मला वाटायचं. नियम म्हणतो हजारात एक. आमचं कार्ड दोनशे ग्रॅमचं. दोनशे ग्रॅमात शिसं किती चालंल, तर पाव ग्रॅमालासुद्धा थोडं कमी. आणि मी एका कार्डाला सोल्डरची जुनी, शिशाची तार लावायची किती? जरा जरा, दहा-बारा जॉइंटला नुसता स्पर्श. पातेलंभर वरणात चिमटीनं मीठ टाकावं इतकं. अर्ध्यालापण जात नव्हतं ते. मी कागदावर मांडून पायलं, दोनदा, आणि कागद फाडून टाकला.

का लावली, ते सांगायचं म्हणजे लई मागं जावं लागतं. मला सोल्डरिंग, म्हणजे आयर्ननं तार वितळवून जॉइंट जोडायचं काम, बेबीमावशीनं शिकवलं. मी केदारखेड्याची, बारावी झालेली, लग्न होऊन चंदनझिऱ्याला आले तेव्हा मला जालन्यात रस्तासुद्धा ओलांडता येत नव्हता. शेजारच्या गल्लीत बेबीमावशी राहायची. तिनंच शेठला सांगितलं, पोरगी हुशार हाय, ठिवून घ्या. पहिल्या दिवशी तिनं माझ्या एका हातात आयर्न दिलं, दुसऱ्या हातात कार्ड दिलं, आणि मी विचारलं, मंग तार कुठल्या हातानं धरायची? ती म्हणली, देवानं दात कशाला दिले? सगळ्याच बाया तार दातात धरायच्या. मान वाकवायची, तारेचं टोक बराबर जॉइंटवर आणायचं, धूर नाकात जायचा, आणि जिभेला एक गोडसर चव यायची. ती चव मला आवडायला लागली होती. सुट्टीच्या दिवशी तोंड फिकं फिकं वाटायचं. आणि जॉइंट कसा पाहिजे, तर त्यात आपला डोळा दिसला पाहिजे असं तिचं म्हणणं. चमकला तर जिता जॉइंट. पांढुरका, खरखरीत, मुका पडला तर मेलेला. तो काढायचा आणि पुन्हा करायचा. मी मुका जॉइंट केला की ती तारेचं टोक माझ्या बोटांवर सपकन मारायची. लागायचं. पण सहा महिन्यांत माझी नजर अशी तयार झाली, की कार्ड नुसतं उजेडात तिरकं केलं तरी मेलेला जॉइंट मला आरडून सांगायचा, मी इथं हाय म्हणून. त्याच नजरेवर मी पुढं तपासनीस झाले. ती टेबलावरच राह्यली, आणि मी तिची कार्डं तपासायला लागले. तिला कधी त्याचं वाईट वाटलं न्हाई. उलट नव्या बायांना सांगायची, दैवशालाच्या नजरेतून काय सुटत न्हाई बरं.

मागच्या दिवाळीनंतर नवी तार आली. त्याच्या आधी शेठनं मला एक दिवस संभाजीनगरला ट्रेनिंगला धाडल्तं. तिथं पडद्यावर चित्रं दाखवली. जुन्या तारेत जवळजवळ चाळीस टक्के शिसं असतं, हे मला तिथं, बारा वर्षांनी कळलं. शिसं रक्तात जातं, हाडात बसतं, बाईच्या पोटातल्या लेकराला लागतं. पडद्यावर एक बाई काढल्ती, पोटात लेकरू, आणि बाणानं दाखवलं होतं. मी ती बाई बघत बसले. तृप्तीच्या, माझ्या लेकीच्या आधी मला दोन वेळा दिवस जाऊन पोट पडलं. डॉक्टर म्हणले, असं होतं. सासू म्हणली, तापल्या पत्र्याखाली काम करती म्हणून. ट्रेनिंगला शेजारी बसलेला माणूस लिहून घेऊन राह्यला होता, मी पेन हातात धरून नुसती दातांवरून जीभ फिरवत होते. परत आल्यावर मी बायांना जमवलं आणि इतकंच सांगितलं की आता नवी तार, जुनी बंद, बाहेरदेशच्या गिऱ्हाइकाला जुनी चालत न्हाई. का चालत न्हाई, ते सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर अठरा जणींनी आपापले दात आठवले असते. कोणाचं काय काय गेलं, ते आठवलं असतं. माझी हिंमत झाली न्हाई. जुनी तार भंगारात गेली, माझ्या ड्रॉवरात अर्धं रीळ राह्यलं. राह्यलं म्हणजे मीच ठेवलं. का ठेवलं विचारलं तर मला आजपण सांगता येत न्हाई.

आणि नव्या तारेचे जॉइंट मुके पडायचे. सगळ्यांचेच. ट्रेनिंगमधी सांगितल्तं की हे असेच दिसणार, चमक पाहू नका, कड बघा, पसरलाय कसा ते बघा. माझ्या वहीत लिहिलेलं हाय ते. पण वही काय सांगती आणि डोळा काय सांगतो. बारा वर्षं ज्याला मेलेला म्हणलं त्याला आता जिता म्हणायचं! बाकीच्यांच्या जॉइंटचं मी कसंतरी गळी उतरवलं. पण बेबीमावशीचे जॉइंट सगळ्यांत मुके. आणि तिचं वय बावन्न. सुईत दोरा ओवायला ती आता दुसरीला सांगायची, हे मी पायलं होतं. मला वाटलं, झालं, हिचे डोळे गेले. शेठला कळलं तर टेबल सोडायला लावतील. घरी नवरा न्हाई, पोरगा मिथुन आपल्या बायकोला घेऊन परतूरला राहतो, ह्या टेबलाशिवाय बाईला काय हाय? मंग मी ठरवलं की आपण सांभाळून घ्यायचं. बारा दिवस झाले असतील. संध्याकाळी सगळ्या गेल्या की मी हिरव्या ठिपक्याची कार्डं काढायची, जुनं आयर्न तापवायची, अर्ध्या रिळाची तार दातात धरायची, होय, दातात, सगळं ठाऊक असून, आणि मावशीच्या एकेका जॉइंटला जरा जरा लावायची. लगेच चमकायचा. त्यात डोळा दिसायचा. इतकं बरं वाटायचं मला. वाटायचं, ऋण फिटून राह्यलंय.

सोमेश्वरनं मला टेबलापाशी बोलावून भिंग दिलं. तो सज्जन माणूस, आवाज चढवत न्हाई. मी मुद्दामच विचारलं, की साहेब, अख्ख्या कार्डाच्या मानानं हे किती असंल? तो हसला. म्हणला, सगळे हाच हिशेब करतात. कार्डाचं वजन धरायचंच न्हाई मॅडम. हा एक जॉइंट आहे ना, मुगाच्या डाळीएवढा, तो वेगळा धरायचा. त्याच्यात हजारात एक. आणि ह्याच्यात हजारात सत्तर आहे. म्हणजे वरणात मीठ मोजायचंच नव्हतं. मिठाचा खडाच उचलून मोजायचा होता. ट्रेनिंगमधी हेपण सांगितलं असंल, तेव्हा मी पडद्यावरच्या त्या बाईकडं बघत बसले असंन. त्यानं भिंग बाजूला सरकवून एक जुनी तार न लावलेला जॉइंट दाखवला, जो मी घाईत सोडला होता. म्हणला, आता हा बघा, हा कोणी केलाय? एकदम बराबर. चमक न्हाई, पण कड बघा, कशी चढलीय. पुस्तकात छापावा असा जॉइंट आहे. मी बघितला. मुका, पांढुरका, खरखरीत. मावशीचा. तिच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. सगळ्यांत मुका होता, कारण सगळ्यांत बराबर होता. तिनं नवी तार साऱ्यांच्या आधी शिकून घेतली होती, आणि मी, तिची शिष्या, रोज संध्याकाळी बसून तो खराब करत होते.

शेठचं नाव राधेश्याम. वाईट माणूस न्हाई. त्यांनी मला कारणाचा कागद दिला; काय झालं, कुठं झालं, कोणामुळं झालं, पुढं काय करणार, असे चार रकाने. चार वाजता सोमेश्वरची गाडी निघणार होती, तिच्याबरोबर कागद गिऱ्हाइकाला जायचा. शेठ म्हणले की एक टेबल चुकलं असं दाखवलं तर तेवढीच कार्डं बाजूला काढून बाकीचा माल जाईल. पण तपासणीतच गडबड म्हणलं तर चारशेच्या चारशे पडून राहतील आणि पुन्हा ते लोक आपल्याला विचारणार न्हाईत. मावशीबद्दल माझ्याकडं बघून म्हणाले, बेबीनंदाला मी काढतो असं न्हाई, पण टेबलावरून तर उठवावं लागंल ना, कागदावर काहीतरी दाखवायला पाहिजे. जल्दी कर. मी कागद घेऊन माझ्या जागेवर बसले. समोर ड्रॉवर. ड्रॉवरात चिंध्यांच्या खाली अर्धं रीळ. मला वाटत होतं की ते बाहेरून दिसून राह्यलंय. सारखं हँडलकडं बघत होते.

तीन तास. मला वाटतं त्या तीन तासांत मी म्हातारी झाले. हरिओम, माझा नवरा, मिलमधी सळईनं पाय भाजल्यापासून घरीच हाय. तृप्ती चौथीला. मी तपासनीस म्हणून सही केलेली, चारशे कार्डांवर माझी सही, आणि माझंच नाव लागलं तर ह्या एमआयडीसीत मला कोण दारात उभं करंल? हे सगळं खरं होतं. आणि मावशी चौथ्या टेबलावर बसून जॉइंट करून राह्यली होती हेपण खरं होतं. मधूनच मान वर करून तिनं मला खुणेनं विचारलं, जेवलीस का? मी मान हलवली, जेवले म्हणून. डबा तसाच होता. मी काय काय विचार केला ते सांगायची लाज वाटते. वाटलं, मावशीचं वय झालंच हाय. वाटलं, शेठ काढणार तर न्हाईत. वाटलं, रीळ उचलून तिच्या ड्रॉवरात टाकावं, दोन मिनिटांचं काम. हो, हेपण वाटलं. उठलेसुद्धा. चार पावलं गेले, पाण्याच्या टाकीपाशी थांबले, पाणी प्याले न्हाई, परत आले. दात आंबल्यासारखे झाले होते. ती गोड चव तोंडात आली, तार नसताना. मला वाटलं हीच चव माझ्या हाडात बसली असंल, तृप्तीच्या हाडात बसली असंल, आणि त्याला कुणी मशीन टेकवणार न्हाई. कार्डाला हजारात एक चालत न्हाई. आमच्यासाठी कुणी आकडाच ठरवला न्हाई. मला राग आला, इतका राग आला की डोळे भरले, पण कोणावर काढायचा ते कळंना. शेवटी मी लिहिलं. कुठं झालं, ह्या रकान्यात लिहिलं, टेबल क्रमांक चार. कार्डं चौथ्याच टेबलाची होती, त्यात खोटं काय? कोणामुळं, हा रकाना मोकळा सोडला. मोकळ्या रकान्याचा अर्थ शेठ आपोआप काढतील, हे मला बराबर कळत होतं.

शेठनं कागद वाचला आणि मावशीला आत बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, आणि आम्ही तिघं बसलेलो बघून दारातच थांबली. शेठनं नीट शब्दांत विचारलं, की जुनी तार राहिली होती का टेबलावर, चुकून लागली का? ती न्हाई म्हणली. ठाम म्हणली. मंग सोमेश्वरनं कार्डं दाखवली, हिरवे ठिपके दाखवले, तांबडे आकडे दाखवले. ती खाली वाकून बघत राह्यली. तिनं माझ्याकडं पायलं. मला वाटलं, ओळखलं हिनं. आता बोलंल. बोल बाई, म्हणजे मी सुटते. पण तिच्या नजरेत संशय नव्हताच. ती नुसती विचारत होती, की पोरी, तू पायलंस ना, तू सांग.

मी खाली बघितलं.

"दैवशालानं तपासलं ना शेठ," ती हळू म्हणली, "मंग तिच्या नजरेतून न्हाई सुटायचं. माह्याच हातून झालं असंल. डोळे बी आता पयल्यासारखे न्हाईत. कुठं सही करू सांगा."

आणि तिनं पेनाला हात घातला. मला बाकी काही आठवत न्हाई, तिच्या अंगठ्यावरचा तो जुना भाजल्याचा डाग आठवतो. मी तिच्या हातातून पेन ओढून घेतलं.

"जुनी तार माझ्या ड्रॉवरात हाय," मी म्हणले. "तिच्या जॉइंटला मी लावली. बारा दिवसांपासून."

सोमेश्वरनं विचारलं, का पण? आणि मी सांगत सुटले, की मुके दिसत होते, मला वाटलं तिला दिसंना झालंय, वाटलं कोणाला कळायच्या आत आपण सांभाळून घ्यावं. बोलता बोलता रडायला आलं आणि रडलेच. आत कुठंतरी मला वाटत होतं की आता मावशी जवळ घेईल. मी तिच्यासाठी माझी नोकरी टाकली ना. तिनं टेबलावरचं कार्ड उचललं. खिडकीच्या उजेडात तिरकं केलं, जसं तिनंच मला शिकवलं होतं. एका चमकत्या जॉइंटवर बोट ठेवलं, मंग शेजारच्या मुक्यावर, आणि सोमेश्वरला विचारलं, साहेब, ह्यातला बराबर कोणचा? त्यानं मुक्यावर बोट ठेवलं. तिनं मान हलवली. तिला ते ठाऊक होतंच.

"चुकलं तं तुह्या बोटावर मारायची म्या," ती माझ्याकडं न बघता म्हणली. "तू बी मारायचं होतं. माह्यामागं बसून माह्या कामावर काम नव्हतं करायचं."

कार्ड खाली ठेवून ती निघून गेली. शेठ म्हणाले, घरी जा दैवशाला, किल्ल्या ठेवून जा. आवाज थकलेला होता. चारशे कार्डं पुन्हा तपासायची, माझ्या सहीला आता काही अर्थ उरला नव्हता, आणि उद्या ये असं ते म्हणाले न्हाईत. मी ड्रॉवर उघडून रीळ काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. न जेवलेला डबा पिशवीत टाकला. बायांना काहीतरी झालंय एवढंच कळलं होतं; सगळ्यांच्या माना खाली, आयर्नचा धूर वर जाऊन राह्यला होता.

दाराकडं जाताना मी चौथ्या टेबलापाशी थांबले. मावशीनं नवी तार दातात धरली होती, सवयीनं. एका हातात कार्ड, एका हातात आयर्न. मला म्हणायचं होतं, मावशी, काढ ती तोंडातून. मंग आठवलं, हिच्यात शिसं न्हाई. शिसं जुनीत होतं. तीस वर्षं तिनं जी दातात धरली, जी माझ्या दातात दिली, त्या तारेचं मी तिला अजून सांगितलंच नव्हतं. त्या पडद्यावरच्या बाईचं सांगितलं नव्हतं. हेपण मी तिला सांभाळून घ्यायचं म्हणूनच लपवलं होतं. आता सांगावं, इथंच, सगळ्यांसमोर, म्हणून मी तोंड उघडलं.

तिनं मान वर केली न्हाई. तार दातात तशीच ठेवून ती म्हणली, "उजेड सोड."

माझी सावली तिच्या कार्डावर पडली होती. मी बाजूला झाले.